दोन केबलवाल्या 20 एमबी हार्ड डिस्कवरून फायली कशा काढायच्या?

रात्रपाळी · शनिवार, रात्री 11:20

मंडळी, मदत हवी आहे. बाबांचा जुना पीसी एक्सटी आज माळ्यावरून खाली काढला. 8088 प्रोसेसर, 640 केबी मेमरी, 5.25 इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि एसटी-225 हार्ड डिस्क, 20 एमबीची. बाबा हौशी आकाशनिरीक्षक होते. 1992 ते 1997 या काळात रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या प्रतीचे, म्हणजे तेजस्वितेचे, अंदाज रात्री वहीत लिहायचे आणि सवड मिळाली की डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये भरायचे. वह्या भिजून लगदा झाल्या. उरलंय ते या डिस्कवर, म्हणजे उरलं असेल तर.

शेवटचा कधी चालू केला होता आठवत नाही, वीस वर्षं तरी नक्की झाली. आज मोह आवरला नाही. स्विच दाबला, पंखा फिरला, एक बीप आला, थोड्या वेळाने स्क्रीनवर 1701 उमटलं आणि गाडी तिथेच अडली. डिस्कचा आवाज अजिबात नाही. घाबरून बंद केला.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, स्क्रूड्रायव्हर हातात धरला की घरचे लांब जातात. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

जुनं_ते_सोनं · शनिवार, रात्री 11:52

सोपं आहे. डिस्क काढा, आयडीई टू यूएसबी ॲडॅप्टर लावा, लॅपटॉपला जोडा, फायली ओढून घ्या. फिरत नसेल तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझी एक डिस्क अशीच जिवंत झाली होती.

सोल्डरधूर · रविवार, पहाटे 12:30

दोन्ही नको!

रात्रपाळी, डिस्कच्या मागे बघा. दोन पट्टी केबल दिसतील, एक 34 पिनची आणि एक 20 पिनची. आयडीईला, म्हणजे नंतरच्या काळातल्या जोडणीला, एकच 40 पिनची असते. तुमची डिस्क एमएफएम आहे, सीगेटने 1980 मध्ये एसटी-506 बरोबर आणलेल्या जोडणीची. या डिस्कला स्वतःची अक्कल नाही. ती फक्त डोकं इकडून तिकडे नेते आणि चुंबकीय बदलांचे कच्चे पल्स केबलवर सोडून देते. त्या पल्समधून बिट वेगळे काढणं, सेक्टर (डेटाचे ठरावीक मापाचे कप्पे) ओळखणं, चूक पकडणं हे सगळं स्लॉटमधलं कंट्रोलर कार्ड करतं. यूएसबी ॲडॅप्टरला ती बसणारही नाही आणि बसवली तरी बोलणार काय?

म्हणून पहिला नियम: डिस्क आणि ते कार्ड ही जोडी फोडू नका. एक्सटीच्या काळात प्रत्येक कंट्रोलरवाल्याची सेक्टर मांडायची तऱ्हा वेगळी होती. एका कार्डावर फॉरमॅट झालेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर बहुतेक वेळा वाचताच येत नाही. कार्ड भंगारात टाकून डिस्क तेवढी जपून ठेवणारे मी पाहिलेत. कुलूप जपलं, किल्ली फेकली.

फ्रीझरबद्दल: गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. त्यात एसटी-225 मध्ये डोकं हलवायला स्टेपर मोटर आहे. ठरावीक पायऱ्या मोजून ती ट्रॅकवर जाते, आपण खरंच ट्रॅकच्या मधोमध आहोत का हे तपासत नाही. तापमान बदललं की धातू आकसतो-फुगतो आणि डोकं ट्रॅकच्या कडेला पडतं. तिला थंडी नको, ऊब हवी.

जुनं_ते_सोनं · रविवार, सकाळी 8:05

मान्य. माझी आयडीई होती. शब्द मागे.

बारा_व्होल्ट · रविवार, सकाळी 9:15

डिस्कला परत वीज द्यायच्या आधी पॉवर सप्लाय तपासा. आत्ता तो चालला म्हणजे चांगला आहे असं नाही. डिस्कचा पॉवर प्लग काढून ठेवा. मदरबोर्ड जोडलेलाच राहू द्या, कारण जुने सप्लाय भार नसेल तर सुरूच होत नाहीत. मोकळ्या प्लगवर मल्टिमीटर लावा. लाल आणि काळ्यात 5 व्होल्ट, पिवळ्या आणि काळ्यात 12. पाचच्या जागी 4.75 ते 5.25 चालेल, त्याबाहेर नाही.

मदरबोर्डचे दोन प्लग काढलेच तर परत लावताना काळ्या तारा मधे एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्डाची राख.

आणि थेंबाच्या आकाराचे पिवळे-केशरी टँटलम कॅपॅसिटर असतील तर तोंड जरा लांब ठेवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेले हे दाणे 12 व्होल्टच्या वाटेवर फटाक्यासारखे उडतात. उडाला तर घाबरू नका, बदलता येतो.

रात्रपाळी · रविवार, दुपारी 1:40

5.08 आणि 11.9. फटाका नाही. मागे दोन केबल आहेत, सोल्डरधूर म्हणतात तशाच. आता?

सोल्डरधूर · रविवार, दुपारी 2:25

आता मनगट. डोकं तबकडीवर टेकून बसलेलं असतं आणि इतक्या वर्षांत चिकटतं. मोटरला ते सोडवायचा जोर नसतो. म्हणून 1701. एक्सटीच्या भाषेत 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं समजा.

सगळे स्क्रू काढून डिस्क मोकळी करा, केबल लावू नका. दोन्ही हातांत आडवी धरा, नेहमी बसते तशीच. आता तबकडी ज्या अक्षावर फिरते त्या अक्षाभोवती डिस्कला झटकन पाव फेरा द्या आणि तितक्याच झटकन थांबवा. गाडीचं स्टिअरिंग टेबलावर आडवं ठेवून फिरवल्यासारखं. बाहेरचं खोकं थांबतं, आतली तबकडी जडत्वाने थोडी पुढे जाते. चार-पाच वेळा करा. आपटायची नाही, ठोकायची नाही, झाकण तर उघडायचंच नाही.

बाजूला स्टेपर मोटरचा दांडा बाहेरून दिसतो. बोट शिवशिवेल. हात लावायचा नाही.

पाटीपेन्सिल · रविवार, दुपारी 3:10

अवांतर: माझ्या एका डिस्कचं झाकण 'डेटा काढून देतो' म्हणणाऱ्याने उघडलं आणि ठसे उमटलेली तबकडी परत पाठवली. वर 'जुनी होती, काय करणार' हे आहेच. त्यामुळे झाकणाबद्दलच्या वाक्याला +1, नव्हे +100.

कर्सर · रविवार, दुपारी 4:00

फिरली तर पुढे काय करायचं नाही याचीही यादी द्या, कारण लोक खरी माती तिथे खातात. मीही खाल्ली आहे. तेव्हा सगळे सांगायचे, डीबग उघड, जी=सी800:5 टाक, लो-लेव्हल फॉरमॅट मार, डिस्क नव्यासारखी होते. झाली. कोऱ्या पाटीइतकी नवी.

तसंच चेकडिस्क ही डॉसची तपासणी कमांड दुरुस्तीचा स्विच लावून चालवू नका. ती हरवलेले तुकडे नव्या फायली करून त्याच डिस्कवर लिहिते. डिस्क 'ताजी' करणारे प्रोग्रॅमही प्रत्येक ट्रॅक वाचून परत लिहितात. डिस्क धडधाकट असताना ते ठीक होतं. आज तिच्यावर एक बाइटही लिहायचा नाही. आपल्याला डिस्क दुरुस्त करायची नाहीये, डिस्कवरचं उतरवून घ्यायचंय. मग ती मेली तरी चालेल.

म्हणून बूटही तिच्यावरून करू नका. डॉसच्या फ्लॉपीवरून करा. बूट होताच आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फायलीत काय काय लिहून ठेवलंय कुणास ठाऊक.

रात्रपाळी · रविवार, रात्री 10:05

फिरली!!!

सहाव्या झटक्याला आत काहीतरी सुटल्यासारखं हाताला जाणवलं. आवाज नाही, फक्त जाणीव. जोडून स्विच दाबला. आधी बारीक कुईं, मग शिट्टीसारखा चढत जाणारा सूर, तो एका पट्टीत स्थिरावला आणि मग टक-टक-खर्रर्र. तो आवाज मी रात्री अंथरुणात पडून ऐकायचो. बाजूच्या खोलीत बाबा 'सेव्ह' करत असायचे.

असो. बाबांची डॉस 3.3 ची फ्लॉपी कशी कोण जाणे, पण चालली. ए प्रॉम्प्टवर बसलोय. सी ड्राइव्ह अजून उघडलेला नाही. हात थरथरतायत हे मान्य करतो.

बारा_व्होल्ट · रविवार, रात्री 10:12

अर्धा तास नुसती फिरू द्या. गरम होऊ द्या. आणि फायली लिहिल्या तेव्हा डिस्क जशी बसवलेली होती तशीच ठेवा, आडवी तर आडवी.

कर्सर · रविवार, रात्री 10:20

आता एक भांडण होणारच आहे तर मीच सुरू करतो. आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा (सेक्टर-न्-सेक्टर नक्कल) घ्यायची की आधी महत्त्वाच्या फायली? नव्या डिस्कवर मी डोळे झाकून प्रतिमा म्हणेन. डीडीरेस्क्यू लावा, ते आधी धडपणे वाचता येतं तेवढं उचलतं, खराब भाग नकाशात टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्या मागे लागतं. पण एक्सटीवर ते चालणार नाही.

सोल्डरधूर · रविवार, रात्री 10:31

इथे भांडण नाही. डिस्क किती वेळ फिरेल हे माहीत नाही, प्रतिमा घ्यायचं साधन आज हाताशी नाही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप ती फाइल आधी, फ्लॉपीवर, साध्या कॉपी कमांडने. बाकीचं नंतर. आणि आज रात्री मशीन बंद करू नका, परत चिकटली तर?

रात्रपाळी · सोमवार, पहाटे 1:15

अहवाल देतो.

सी ड्राइव्हची यादी आली. जवळजवळ सगळ्या फायलींची तारीख 01-01-80. आधी वाटलं सगळं बिघडलंय. मग आठवलं, या मशीनमध्ये घड्याळच नाही. चालू केलं की डॉस तारीख विचारायचं आणि बाबा एंटर दाबून पुढे जायचे.

निरीक्षणांची डीबीएफ, म्हणजे डीबेसची, फाइल 2 लाख 12 हजार बाइटची, म्हणजे 360 केबीच्या फ्लॉपीवर मावणारी. कॉपी दिली. खर्र, खर्र, मग तोच तोच आवाज पुन्हा पुन्हा, आणि 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह सी. ॲबॉर्ट, रीट्राय, फेल?' मी आर दाबला. परत तेच. अकरा वेळा आर दाबला, अकराव्यांदा गाडी पुढे सरकली. थोडं पुढे जाऊन परत अडली, आणि या वेळी चाळीस वेळा दाबूनही हलली नाही. शेवटी ॲबॉर्ट. अर्धवट फाइल डॉसने फ्लॉपीवर ठेवलीच नाही.

पत्रांच्या वर्डस्टार (लेखनाचा जुना प्रोग्रॅम) फायली मात्र दोन फ्लॉप्यांवर सुखरूप उतरल्या.

पाटीपेन्सिल · सोमवार, सकाळी 7:50

त्या फ्लॉप्या लगेच दुसरीकडे वाचून बघा. पण 1.2 एमबीच्या ड्राइव्हमध्ये घालून त्यांच्यावर काही लिहू नका. तिचं डोकं अरुंद असतं, 360 केबीच्या रुंद ट्रॅकवर ती बारीक रेघ ओढते आणि मग मूळ ड्राइव्हला दोन्ही ऐकू येतं, जुनंही आणि नवंही. वाचायला हरकत नाही.

बाकी डिस्कसाठी सीरियल केबल का नाही वापरत? एमएस-डॉस 6 मध्ये केबलने दोन मशीन जोडणारे इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर आहेत. एखादं जुनं पेंटियम असेल तर मधला टप्पा म्हणून चालेल. एक्सटीवर सॉफ्टवेअर न्यायचाही प्रश्न नाही. इंटरसर्व्हरला आरकॉपी स्विच दिला की ते नल मोडेम केबलमधून स्वतःच स्वतःला पलीकडे टाकतं. एक्सटीवर फक्त मोड आणि सीटीटीवाय या दोन कमांड द्यायच्या, त्या तुमच्या 3.3 मध्ये आहेत. मात्र त्या देताना ए प्रॉम्प्टवरच असा. ते ज्या ड्राइव्हवर उभे असाल तिथे फायली टाकतं, आणि सी वर लिहायचं नाही हे ठरलंय.

वेळेचा हिशेब: 9600 च्या वेगाने सेकंदाला 960 बाइट, म्हणजे डिस्क भरलेली असेल तर सहा तासांहून जास्त. 115200 ने कागदावर अर्धा तास. 8088 ला तो वेग कितपत झेपतो ते करूनच बघा.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री 11:30

पाटीपेन्सिल, तुमचे पाय कुठे आहेत? मधल्या वेगावर रात्रभर लावून ठेवलं होतं. डीबीएफ सोडून सगळं आलं. स्वतःला केबलमधून पलीकडे टाकणारं सॉफ्टवेअर पाहून माझ्यातला सॉफ्टवेअरवाला गहिवरला.

आता उरली तीच एक फाइल, जी हवी होती.

सोल्डरधूर · बुधवार, सकाळी 6:40

मग आता कंट्रोलरला बाजूला सारून थेट डिस्कशी बोलायचं. बीगलबोन नावाच्या छोट्या बोर्डावर बसणारं एक एमएफएम रीडर सर्किट आहे, आराखडा खुला आहे, हौशी लोकांनीच केलेलं. ते 34 आणि 20 पिनच्या केबल थेट घेतं आणि ट्रॅकवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. डीकोडिंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये. कंट्रोलर 'वाचता येत नाही' म्हणून हात वर करतो, तिथे हे त्याच ट्रॅकवरून पुन्हा पुन्हा फिरतं. एका फेरीत एक सेक्टर नीट मिळतो, दुसऱ्या फेरीत दुसरा. कुठल्या कंट्रोलरची मांडणी आहे हेही बरंचसं स्वतः ओळखतं.

माझ्याकडे एक आहे, निरोप पाठवतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. 34 पिनची केबल फ्लॉपीच्या केबलसारखी दिसते पण ती नव्हे. फ्लॉपीच्या केबलला पीळ असतो तो 10 ते 16 या तारांना, हार्ड डिस्कच्या केबलला 25 ते 29. चुकीची लावली तर काही जळणार नाही कदाचित, पण दोन दिवस डोकं खाजवाल. आणि डीकोड झालेल्या प्रतिमेबरोबर कच्च्या बदलांची फाइलही जपून ठेवा. उद्या डीकोडर सुधारला तर डिस्क परत फिरवायला नको.

डिस्क हलवण्याआधी हेड पार्क करा. ही डिस्क बंद करताना आपण होऊन डोकं बाजूला नेत नाही. त्या काळी पार्क नावाचा छोटा प्रोग्रॅम असायचा, बाबांच्या फ्लॉप्यांत असेलच.

जुनं_ते_सोनं · बुधवार, सकाळी 9:00

वाचनखूण साठवली आहे. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

रात्रपाळी · पुढचा रविवार, सायंकाळी 6:45

आठवड्याने येतोय. सोल्डरधूर, तुमची पेटी पोचली, चालली, परत पाठवतोय.

615 सिलिंडर, 4 डोकी, प्रत्येक ट्रॅकवर 17 सेक्टर, एकूण 41,820. पहिल्या फेरीत 63 अडले. मग बारा_व्होल्ट यांचं ऐकून दोन तास तापवली आणि परत वाचली, 19 उरले. तिसऱ्यांदा फक्त अडलेले ट्रॅक पन्नास-पन्नास वेळा वाचायला सांगितले. शेवटी 7 उरले, ते उरलेच. त्यांतले सहा रिकाम्या जागेत. सातवा कुठे असेल? डीबीएफमध्ये. अर्थात!

पण डीबीएफ हा काय देखणा फॉरमॅट आहे हो. सुरुवातीच्या 32 बाइटमध्ये नोंदींची संख्या, हेडरची लांबी, एका नोंदीची लांबी. मग प्रत्येक रकान्याचं वर्णन, आणि पुढे सगळ्या नोंदी एकाच मापाच्या, ओळीने. एक नोंद 64 बाइट. सेक्टर 512 चा. म्हणजे एक सेक्टर गेला तर फार तर आठ-नऊ नोंदी गेल्या, बाकी सगळं जागच्या जागी. तारखाही आत अंकांत लिहिलेल्या, 19951118 अशा. फायलींवर 1980 असलं तरी आतलं कालमापन शाबूत.

मीरा तारा जवळजवळ 332 दिवसांच्या फेऱ्यात तेजस्वी होतो आणि मंदावतो. बाबांचे अंदाज आलेखावर मांडले आणि तो चढ-उतार समोर उभा राहिला. पाच चढ, पाच उतार. पडद्याकडे बघत बसलो.

एक कोडं मात्र सुटत नाही. 'शेरा' रकान्यात तिसऱ्या-चौथ्या ओळीला @5 लिहिलंय. काही ठिकाणी 8, मग दुहेरी अवतरणचिन्ह, मग डीएचओ. हा कुठल्या निरीक्षण-संघटनेचा कोड आहे का?

कर्सर · रविवार, सायंकाळी 7:10

वर्डस्टारच्या फायली कशा उघडल्यात?

रात्रपाळी · रविवार, सायंकाळी 7:18

वर्डस्टार प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतं असं वाचलं. त्यामुळे दर शब्दाची शेपटी विचित्र दिसत होती. तो बिट उतरवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या फोल्डरवर फिरवली. इंग्रजी पत्रं लख्ख झाली. का?

कर्सर · रविवार, सायंकाळी 7:20

सगळ्या फोल्डरवर. डीबीएफवरसुद्धा?

रात्रपाळी · रविवार, सायंकाळी 7:21

...हो. प्रतीवर चालवली. मूळ प्रतिमा वेगळी आहे, शपथ.

पाटीपेन्सिल · रविवार, सायंकाळी 7:34

मूळ फाइल हेक्समध्ये (बाइटचे आकडे दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) उघडा आणि @5 च्या जागी कोणते बाइट आहेत ते सांगा. आणि त्या मशीनच्या स्लॉटमध्ये आणखी एखादं कार्ड आहे का, जिस्ट लिहिलेलं?

रात्रपाळी · रविवार, सायंकाळी 7:52

सी0 बी5. आणि हो, आहे! जिस्टच लिहिलंय. मी ते ग्राफिक्स कार्ड समजत होतो.

पाटीपेन्सिल · रविवार, रात्री 8:06

मग कोड वगैरे काही नाही, मराठी आहे. जिस्ट कार्ड लावलं की डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता यायचं, आणि ते इस्की या भारतीय लिपींच्या संकेतपद्धतीत साठवलं जायचं. इस्कीत खालची अर्धी जागा इंग्रजीची, वरच्या अर्ध्यात आपली अक्षरं. प्रत्येक मराठी अक्षराचा आठवा बिट चढलेलाच असतो. तो उतरवला की मराठीचं मराठीपणच गेलं.

सी0 म्हणजे ढ. बी5 म्हणजे ग.

ढग.

आणि ते दुसरं: बी8, ए2, सी4, ई8, सीएफ. च, अनुस्वार, द, हलन्त, र. त्या रात्री चंद्र आडवा आला असणार.

बारा_व्होल्ट · रविवार, रात्री 8:09

हसावं की रडावं! 'ढग'चा आंतरराष्ट्रीय कोड @5.

रात्रपाळी · रविवार, रात्री 11:48

मूळ फायलीवरून परत केलं. इस्कीसाठी विंडोजचं कोडपेज 57002 आहे, त्यातून सरळ युनिकोडमध्ये आलं. शेऱ्यांचा रकाना वाचत बसलोय. ढग. ढग. चंद्र. ढग. 'दुर्बिणीला दव'. 'चष्मा विसरलो'. ढग. 'पोरगं उठलं'. हे शेवटचं माझ्याबद्दल आहे.

आणखी एक सापडलं. डीबेसमध्ये नोंद पुसली तरी ती जात नाही, आधीच्या एका बाइटमध्ये फक्त तारांकन येतं. पॅक कमांड देईपर्यंत ती तिथेच असते. बाबांनी पॅक कधी दिलेलं दिसत नाही. अशा 41 'पुसलेल्या' नोंदी आहेत. बहुतेक ठिकाणी त्याच ताऱ्याची त्याच रात्रीची दुसरी नोंद खाली आहे, प्रत एक-दोन दशांशाने बदललेली. म्हणजे स्वतःचा अंदाज त्यांना पटला नव्हता आणि परत बघायला गेले होते.

कर्सर · सोमवार, सकाळी 8:20

त्या हरवलेल्या सेक्टरचं काय? पत्रं कुणाला लिहिलेली आहेत? निरीक्षणं कुणाला कळवत असतील तर तेच आकडे पत्रातही असतील.

रात्रपाळी · सोमवार, रात्री 10:30

कर्सर, आहेत! दर महिन्याला एका निरीक्षक मित्राला पत्र, त्यात महिन्याचा तक्ता. नोव्हेंबर 1995 चं पत्र काढलं. गहाळ आठ नोंदींपैकी सहा त्यात जशाच्या तशा आहेत, तारा, वेळ, प्रत, सगळं. त्या हाताने भरल्या आणि शेऱ्यात 'पत्रावरून' असं लिहिलं.

दोन राहिल्या. 20 आणि 21 नोव्हेंबर. पत्राच्या तक्त्यात त्या तारखाच नाहीत.

पाटीपेन्सिल · सोमवार, रात्री 10:41

@5 असणार.

रात्रपाळी · सोमवार, रात्री 10:44

मलाही तसंच वाटतं. पण रिकाम्याच ठेवल्यात.